नुसतं 'चला' म्हणू नये

"उठतानी एकेका लेकराचं नाव घेऊन बोलाव, बाई. नुसतं 'चला' म्हनू नोको. 'चला' सगळ्याईलेच ऐकू येते."

जमनीचा हा आवाज रत्नप्रभाच्या कानांत लहानपणापासून होता. जमनी म्हणजे माहेरी तूप घेऊन येणारी तांड्यावरची म्हातारी. तिची माणसं पूर्वी बैलांवर माल लादून मुलुखभर हिंडायची. रानातला मुक्काम हलवताना आया पोरांना अशाच हाका मारत.

गेल्या वर्षी, बासष्टच्या मे महिन्यात, मुलांना सुट्टी लागली तशी मंडळी दिग्रसहून नणंदेकडे मुकुटबनला निघाली. पांढरकवड्याच्या पुढे सागाच्या रानात, एका जुन्या विहिरीपाशी मोटार थांबवली. गुरांना पाणी पाजायच्या उंच दगडी कुंडीच्या सावलीत शिदोरी सुटली. निघताना रत्नप्रभा नावं घ्यायला उभी राहिली, तर तिचे यजमान श्रीकृष्ण वकील हसले. "हजेरी घेतेस काय? उन्हं उतरली बघ."

ती ओशाळली. म्हणाली, "चला रे, चला सगळे."

दोन मुलं होती, दोनच येऊन बसली.

मुकुटबनला पोचेस्तोवर रजनी बोलली नाही. ऊन लागलं असेल म्हणून नणंदेनं कांद्याचा रस चोळला. पण आठ वर्षांची ती बडबडी पोर पुढंही गप्पच. भुलाबाईच्या गाण्यांत नुसती टाळ्या वाजवायची. शाळेत 'हजर' म्हणेना. 'रजनी' म्हटलं तर मान वर नाही. 'चला जेवायला' म्हटलं की सगळ्यांआधी पाटावर. तिच्या तोंडची 'आई' ही हाक तर गेलीच होती. वेणी घालताना तिच्या केसांना वाळक्या पाचोळ्याचा वास यायचा, न्हाऊ घातल्यावरही.

सांगावं कुणाला? लेक मांडीशी बसलेली असायची आणि रत्नप्रभाला लेकीची आठवण यायची.

एप्रिलात वकिलांनी झोपाळ्यावर नकाशा पसरला. "यंदा चिखलदरा! थंडगार हवा."

थोरला नीळू उड्याच मारू लागला.

"मुकुटबन," रत्नप्रभा म्हणाली.

"अगं, घामोळ्या आणायला जायचं का तिथं?"

"मुकुटबनलाच जायचं."

रजनी नकाशाकडं पाहत नव्हती. ती रत्नप्रभाकडं पाहत होती.

मुकुटबनला निघताना नीळूनं आपणहून खिडकी सोडली. "घे. भांड तरी एकदा!" रजनी मुकाट्यानं मधे बसली.

त्याच विहिरीपाशी मोटार थांबली, पण ती खाली उतरलीच नाही. बाकीच्यांचं खाणं झालं. वकील हँडल घेऊन मोटारीपुढं गेले. रत्नप्रभा कुंडीपाशी उभी राहिली. ओ आली नाही तर? आणि आली तर?

"नीळू, चल रे."

नीळू धावत जाऊन बसला.

"रजनी, चल गं."

तिनं पुन्हा हाक मारली.

"रजनी, चल गं बाई. घरी चल."

कुंडीमागं पाचोळा वाजला. तहानेनं चिरलेला आवाज आला, "आले गं आई! किती वेळ लावलास!"

रत्नप्रभानं मोटारीकडं वळून पाहिलं.

मधल्या जागेवरची मुलगी वेणीच्या रिबिनी सोडत होती. दोन्ही सोडून तिनं त्यांची नीट घडी घातली, गादीवर ठेवली आणि दार उघडलं.

"मले नाव नाई, बाई," ती म्हणाली. "इथं कोनी बोलावतच नाई मले. तुमी 'चला' म्हनलं, म्हनून आलती."