चकव्याचे वळण

वाईच्या मार्गशाळेत सकाळचा पहिला चहा यायच्या आतच शाल्मली केंजळेने उलटतपासणी सुरू केली होती. आरोपी घरचाच होता. ‘वाटाड्या’. सायकलवरून खेडोपाडी भटकणाऱ्यांना सुंदर रस्ते आखून देणारी ही संगणकप्रणाली तिने सहा वर्षे खपून उभी केली होती, आणि गेल्या दोन महिन्यांपासून ती भलतेच वागू लागली होती. जावळीच्या खोऱ्यातला कुठलाही मार्ग मागा, तुम्हाला भातखाचरे बघायची असोत की कोयनेचे पाणी, वाटाड्या शंभरातल्या नव्वद जणांना उंबरठाण नावाच्या गावावरून नेई आणि गावापुढच्या एका वळणावर थांबायला सांगे.

सरपंचांचे पत्र टेबलावर पडले होते. सायकलवाले येतात, वळणावर उभे राहतात, बघण्यासारखे काहीच नाही म्हणून वैतागतात आणि गावात येऊन आम्हालाच जाब विचारतात, असे त्यांनी लिहिले होते. बायकांनी त्या अंगाला सरपणाला जाणे सोडले आहे, कारण येणाऱ्या प्रत्येक सायकलीतून एकाच पुरुषाचा आवाज येतो, ‘इथं थांबा’.

तो आवाज कुणाचा, हे सरपंचांना ठाऊक नव्हते. शाल्मलीला होते. तो तिच्या धाकट्या भावाचा, निशिकांतचा होता. वाटाड्या नुकता बोलू लागला तेव्हा सगळ्या दिशा, आकडे आणि सूचना त्यानेच एका दुपारी बोलून ठेवल्या होत्या. एखाद्या जागी थांबायला सुचवलेला वेळ संपायच्या आत कुणी उठून चालू लागले तर वाटाड्याने काय म्हणावे, असा प्रश्न निघाला, तेव्हा त्याने खोडसाळपणे आपले नेहमीचे पालुपद घुसडले होते, ‘घाई कसली, बसा की.’ लोकांना ते आवडले आणि राहून गेले.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी सहाला, निशिकांत नव्या मार्गाच्या पाहणीला एकटाच निघाला आणि परत आला नाही. त्याच्या फोनची शेवटची खूण घाटमाथ्यावर मिळाली होती, म्हणून पोलिसांनी आणि गिर्यारोहकांनी माथ्यावरच्या दऱ्या आठवडाभर पालथ्या घातल्या. हाती काही लागले नाही. आखलेला रस्ता सोडून आडवाटेला लागायची त्याची खोड होती, आणि जावळीत आडवाटांना तोटा नाही. वाटाड्याचा आवाज बदलावा असे शाल्मलीला अनेकदा सुचवून झाले, पण तिच्याने ते झाले नाही. भावाचे तेवढेच उरले होते.

शाकिर मुलाणी चहाचे दोन पेले घेऊन आला आणि खुर्ची ओढून बसला. हा संख्याशास्त्रज्ञ गेल्याच वर्षी मार्गशाळेत आला होता. अडलेले कोडे पहिल्या इयत्तेपासून सोडवायला घ्यायची त्याची रीत होती.

“वाटाड्याला डोळे नाहीत,” तो म्हणाला. “मग सुंदर काय, हे त्याला कळतं कसं?”

“माणसाच्या अंगावरून,” शाल्मली म्हणाली. “प्रत्येकाच्या मनगटाला नाडीपट्टी असते. पायडल थांबलं, नाडी शांत झाली आणि माणूस जागचा हलेना, की समजायचं त्याचं मन रमलं. जितका वेळ रमला, तितका त्या जागेचा रम्यांक वाढतो. माणसं तोंडानं काहीही सांगतात, नाडी सांगत नाही.”

“आणि एखादा झाडाखाली घोरत पडला तर?”

त्याचीही सोय तिने केली होती. एकट्यादुकट्याच्या आवडीवर वाटाड्या विसंबत नसे. ती नोंद निजलेली राही, आणि दुसरे कुणी त्याच जागी थांबले तरच जागी होई. शाकिरने आदल्या दिवशी डोळ्यांत तेल घालून सगळे तपासले होते. ऐन दिवाळीत उंबरठाणच्या वळणावर कुणाचे तरी चाक पंक्चर झाले, तो तिथे अर्धा तास बसला, आणि एक जुनी नोंद जागी झाली. ती नोंद अफाट मोठी होती. वाटाड्या लोकांना तिथे पाठवू लागला, पाठवलेले लोक तिथे थांबू लागले, आणि त्यांच्या थांबण्याने रम्यांक आणखी फुगला.

“ती जुनी नोंद कुणाची?” शाकिरने विचारले.

“ते आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही,” ती म्हणाली. “विसरनियम.”

हा नियमही तिचाच होता. फार पूर्वी एका माणसाने एका सायकलस्वार बाईचे रस्ते हेरून तिचा पाठलाग केला होता, आणि ती बाई थोडक्यात वाचली होती. तेव्हापासून मार्गशाळेत नोंद आली की उंबऱ्यातच तिचे नाव आणि वाट पुसली जाई. जागेचा रम्यांक कोणत्या वेळी किती वाढला, एवढेच मागे राही. आमटीत मीठ विरघळले की चव राहते, खडा परत मिळत नाही, असे ती प्रत्येक नव्या माणसाला सांगे. या नियमाचा तिला अभिमान होता. निशिकांतची वाट विचारणाऱ्या पोलिसांनाही तिने हेच सांगितले होते.

शाकिरला आणखी एक शंका होती. उंबरठाणच्या त्या खोलगट भागात नेटवर्कचा पत्ता नाही, मग नोंद मार्गशाळेपर्यंत आली कशी? शाल्मलीने त्याला हातोहात टपाल समजावून सांगितले. जवळून जाणारी दुसऱ्या कुणाची सायकल पट्टीतली साठलेली नोंद आपसूक उचलते आणि नेटवर्कमध्ये आली की पाठवून देते. देणाऱ्याला कळत नाही, नेणाऱ्यालाही नाही. ही कल्पना निशिकांतची होती, सांगता सांगता ती म्हणाली.

शेवटी जागेवर जाऊनच बघायचे ठरले. शाकिरने त्या वळणाचा सगळा आलेख टॅबमध्ये उतरवून घेतला, जीपवर दोन सायकली चढवल्या, आणि दुपारी ते उंबरठाणला पोचले. गावात शिरताना धोंडाबाई शेलारांचे चहाचे दुकान लागले. बाईंनी त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्या पाहिल्या आणि काही न विचारता चहा ठेवला.

“तुमीबी तकडंच निगाला म्हना,” त्या म्हणाल्या. “चकवा हाय तिथं, ताई. पयला चकवा वाट चुकवायचा, मानूस रातभर गोल गोल फिरायचं. ह्यो नीट रस्ता दावून आनतोय.”

शाकिर हसला. धोंडाबाई हसल्या नाहीत.

“आवाज लई मायेचाय त्येचा,” त्या म्हणाल्या. “म्हनून तर भ्या वाटतं.”

शाल्मलीने चहाचे पैसे दिले आणि दोघांनी जीपवरच्या सायकली उतरवल्या. गावापासून वळण दोन किलोमीटरवर होते. रस्ता नव्याने डांबरी झालेला, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतारावर पुरुषभर उंचीची कारवी इतकी दाट, की पलीकडची दरीही दिसू नये. पाणी नाही, देऊळ नाही, सावलीला धड झाड नाही. सायकल वळणावर आली आणि हँडलमधून निशिकांत म्हणाला, “इथं थांबा.”

ती थांबली. हा आवाज ती रोज ऐकत असे, पण आज तो मार्गशाळेत ऐकू येई तसा वाटेना. तिला भीती वाटली, आणि स्वतःच्याच भावाच्या आवाजाची भीती वाटावी याची लाजही वाटली.

मग तिला एक गोष्ट सुचली. प्रत्येक जागेसाठी वाटाड्या तिथल्या सर्वांत लांब थांब्यावरून मुक्कामाचा काळ काढतो, पण लोकांना अर्ध्या तासापेक्षा जास्त कधी सांगत नाही, अशी वेसण तिनेच त्याला घातली होती. तिने हँडलवरची कळ दाबून वेसण काढली आणि विचारले, “सुचवलेला मुक्काम किती?”

“एकतीस तास,” निशिकांतचा आवाज म्हणाला.

शाकिरला वाटले आकडा चुकला. शाल्मली मात्र रस्त्याच्या कडेला खाली बसली. एकतीस तास पायडल हलले नव्हते. एकतीस तास कुणीतरी जागचे हलले नव्हते. नाडी मंद होती, पण नाडी सुखानेच मंदावते असे थोडेच आहे. डोक्याला मार लागून जानेवारीच्या गारठ्यात पडलेल्या माणसाचीही मंदावते. वाटाड्याला हा फरक शिकवायचे कुणालाच सुचले नव्हते. आणि मुक्काम संपला असे कधी समजायचे, तेही तिनेच लिहिले होते: माणूस पुन्हा चालू लागला की, नाहीतर पट्टीला नाडी मिळेनाशी झाली की.

“शाकिर, आलेख काढा,” ती म्हणाली. “पहिली वाढ कधीची?”

त्याने टॅब उघडला. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. निशिकांत निघाला त्याच रविवारी संध्याकाळी पाचला सात तासांची वाढ. सोमवारी सकाळी आठला पंधरा तासांची. बुधवारी उरलेल्या नऊ तासांची. तीन सायकली या वळणावरून गेल्या होत्या, आणि तिघांनी कारवीखालच्या माणसाची नाडी नकळत उचलून मार्गशाळेच्या उंबऱ्यापर्यंत आणून दिली होती. उंबऱ्यात नाव पुसले गेले होते.

हिशेब तिने मनातच केला. रविवारी सकाळी दहाला तो पडला. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत तो होता. आणि सोमवारी सकाळी दहाला फौजदार तिच्यासमोर बसून विचारत होते, बाई, तुमच्या यंत्रात त्याची काहीच नोंद नाही का? तिने जराही न अडखळता सांगितले होते की आमच्याकडे कुणाचीच नोंद राहत नाही. तेव्हा त्याच खोलीत, तिच्या पाठीमागच्या यंत्रात, त्याचे बावीस तास येऊन पडले होते. आणखी सात शिल्लक होते. वाईहून इथवर यायला दीड तास लागतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“नियम चुकीचा नव्हता, मॅडम,” शाकिर हलक्या आवाजात म्हणाला. “त्या बाईचा जीव...”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. माहीत असण्याने काहीही हलके झाले नाही.

शाकिर गावातून माणसे आणि कोयते आणायला निघाला. तो येईपर्यंत तिने रस्त्यावरच थांबावे असे त्याने दोनदा बजावले. तो दिसेनासा होईपर्यंत ती बसून राहिली. मग उठली, सायकल दरडीला टेकवली, दोन्ही हातांनी कारवी बाजूला सारली आणि उतारावर पहिले पाऊल टाकले.

सुचवलेला वेळ अजून संपला नव्हता. वर रस्त्यावर, सायकलीच्या हँडलमधून, निशिकांत म्हणाला, “घाई कसली, बसा की.”