उष्टी मोहफुलं

ही गोष्ट माझ्या स्वतःवर बेतलेली आहे, ऐकीव नाही. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल हसावं.

साल १९८१. होळी होऊन गेली होती. मी शहरातल्या इतवारी पेठेतली मुलगी, सासर पेंचच्या जंगलाला लागून. माझी प्रेमिला तेव्हा अंगावर पीत होती.

त्या दिवसांत गाव पहाटेच मोहफुलं वेचायला निघायचं. ज्याचं झाड, तो खालचा पालापाचोळा जाळून जमीन झाडून ठेवायचा.

पोरीला पाठीशी बांधून मी सासूबाईंच्या मागे चालले होते. वाटेत एक जुना मोह दिसला. खाली जमीन लख्ख झाडलेली आणि फुलंच फुलं. मला वाटलं, आपलंच झाड.

मी वाकले आणि... पाखरं एकदम गप्प झाली.

फूल हाताला कोमट लागलं.

तरी तोंडात टाकलं. गोड होतं, पण बुळबुळीत. मग दुसरं नीट पाहिलं...

ते चावलेलं होतं.

सगळीच चावलेली होती! कोणीतरी चघळून मऊ केलेली, बाळाला घास देतात तशी. बोटांना लाळेची तार लागली. मी तिथेच भडाभडा ओकले.

"अवं, इथं काहून आली तू?" सासूबाई धावत आल्या.

"आत्याबाई, आपलंच झाड ना? झाडलेलं दिसलं म्हणून..."

"या झाडाखाली कोणीच झाडत नाही वं! खाल्लं का काही?"

"एक खाल्लं."

त्यांचा चेहराच उतरला. टोपली तिथेच उलटी करून त्यांनी मला ओढत घरी आणलं.

त्या दिवसापासून पोरीने माझं दूध घेतलं नाही. छातीशी धरलं की मान फिरवायची. लेकरू उपाशी मरणार, या धास्तीने मी रडायचे.

ती मात्र रडत नव्हती. पोट टम्म. जांभई दिली की... मोहाचा वास. जिभेवर पिवळट चोथा.

"तू भरवून राहिली का वं तिले?" सासूबाईंनी विचारलं.

मी कशाला भरवू? घरात मोहाचं एक फूल नव्हतं.

पोरीला घेऊन मी माहेरी, शहरात गेले. तिथे धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, पोर ठणठणीत आहे.

तरी मी माहेरीच राहिले. रात्री दाराला आतून कडी लावली, पोरीला पदराने छातीशी बांधून झोपले. सकाळी कडी तशीच, पदराची गाठ तशीच. पण तिचा गाल ओला होता. ओठांच्या कोपऱ्यात चावलेला लगदा. आणि ती माझ्या खांद्यावरून मागे बघून हसत होती...

मागे भिंत होती.

तो लगदा बोटाने पुसला आणि ते बोट मी राखेने घासघासून धुतलं.

तिला दात आले आणि हे थांबलं. माझं दूध तोवर पार आटलं होतं. ती जगली, वाढली. कोणाच्या घासावर, ते मला आजही माहीत नाही.

आता तिलाही मुलं आहेत. माहेरी आली की गळ्यात पडते, "आई" म्हणते. तेव्हा मी श्वास रोखून धरते. पोटच्या पोरीची मला किळस येते, आणि हे तिला कधी कळू नये म्हणून मी हसत राहते.