शिलू मिस्त्रीचा बस्ता

ही गोष्ट खरी आहे.

खरी म्हटलं की काही लोक गालात हसतात. हसोत बापडे. मालाड पूर्वेला जुन्या दगडखाणीमागे लादीवाडी नावाची बैठी चाळ आहे. तिथल्या खोली नंबर चारची कडी वाजवा. प्रेमावहिनी दार उघडतील, पाणी देतील. मग हळूच विचारा, गेल्या मार्गशीर्षात काय झालं म्हणून.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. वेळ…

रात्रीची नाही. दुपारचे सव्वातीन.

भुतांना रात्रीच सवड मिळते असं ज्यांना वाटतं, त्यांनी चाळीतली दुपार कधी पाहिलेली नाही.

प्रेमावहिनींचा भाऊ राजेश बोरीवलीहून रिक्षाने आला आणि उंबऱ्यात एक मोठं गाठोडं घेऊन उभा राहिला. पांढरी चादर, चार घट्ट गाठी, वर दुकानदाराने लावलेलं हळदकुंकू. त्याची भाची, म्हणजे वहिनींची मुलगी रुचिरा, हिच्या लग्नाचा बस्ता. लग्न आठ दिवसांवर.

वहिनींचे यजमान चंद्रप्रकाश शेडगे खाटेवरून उठलेच.

"राजेश, तुझ्याकडे ठेवलेलं हे इथे का आणलंस?"

"भावोजी, बाथरूम फोडलंय माझं. घरभर सिमेंट उडतंय. पैठणी काय सिमेंटात ठेवू?"

"शेजारी ठेवायचं होतंस."

"शेजारचा मला तोंड दाखवत नाही, शालू सांभाळेल? आठ दिवसांचा तर प्रश्न आहे यार." राजेशने गाठोडं लादीवर ठेवलं, चहाही न घेता निघाला.

खोलीत दोघंच राहिले. चंद्रप्रकाश आणि प्रेमा.

आणि बस्ता.

शेडग्यांच्या घरात हा शब्दसुद्धा उच्चारत नसत. 'खरेदी' म्हणायचे. लग्न कोणाचंही असो, कपड्यांचं गाठोडं या खोलीत यायचं नाही, हा दंडक. तो का पडला, ते आधी ऐका.

एकोणीसशे सदतीस साल. मालाड म्हणजे तेव्हा ताडाची झाडं आणि दगडखाण. खाणीला लागून एक लादीचा कारखाना, आणि कारखान्यात थेट इटलीहून आलेली सहा कुटुंबं. रंगीत खडी सिमेंटात बसवायची आणि आरशासारखी होईपर्यंत दगडाने घासायची, ही त्यांची कला. गावातले लोक त्यांना 'टाल्यान' म्हणत. त्यांच्यातला एक तरणा कारागीर, सिल्वियो. हे नाव कोणाच्या जिभेला झेपेना, म्हणून तो शिलू मिस्त्री झाला. पाच वर्षांत मराठी असं शिकला, की मजुरांना शिव्या मराठीतूनच द्यायचा. आणि व्याकरण चुकायचं नाही.

शिलूचं वस्तीतल्याच एका टाल्यान मुलीशी लग्न ठरलं. खंडू नावाचा मालवणचा फेरीवाला खांद्यावर कापडं घेऊन वस्तीत यायचा. मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्याने शिलूच्या लग्नाचं रेशमी कापड कारखान्यात पोचवलं. मोठं गाठोडं होतं.

तासाभराने शिलू लादीवर मरून पडला होता. लादी घासायच्या दगडाने डोकं फोडलेलं.

गाठोडं गायब.

साक्षीदार एकच. सहदेव शेडगे, चंद्रप्रकाशचे आजोबा. वय बावीस, काम खडी कालवायचं. भिंतीपलीकडे भाकरी खात बसले होते. त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं, "मिस्त्री ओरडत होता. बस्ता, बस्ता. कोणीतरी त्याच्या हातून बस्ता ओढत होतं."

बस्त्याची माहिती कोणाला? आणणाऱ्याला. खंडू फासावर गेला.

बस्ता शेवटपर्यंत सापडला नाही.

पुढे महायुद्ध आलं, टाल्यान लोक गेले. कारखान्याच्या शेडला भिंती घालून खोल्या पाडल्या, त्याची चाळ झाली. सहदेवना खोली नंबर चार मिळाली. इमानदार माणूस म्हणून. शिलू पडला होता ती जागा हीच. खालची लादीही त्याच्याच हातची, अजून एक तडा नाही.

चौऱ्याहत्तर साली चंद्रप्रकाशच्या आत्याचं, शुभाचं लग्न निघालं. बस्ता या खोलीत आला. त्या दुपारी आत्या घरात एकटीच होती. काय ऐकलं, ते तिने सांगितलं नाही. लग्नाच्या पंगतीत बायका मागे लागल्या, "शुभे, नाव घे गं." आत्या म्हणजे तोंडाचा पट्टा. चार चार उखाणे पाठ. तिने तोंड उघडलं…

"बस्ता."

सगळी पंगत हसली. ते शेवटचं हसणं.

आत्या पुढे चाळीस वर्षं सासरीच जगली; इकडच्या पोरांना तिच्याकडे कधी नेलं नाही. भूक लागली तरी बस्ता. सासरे गेले तेव्हाही बस्ता. दुसरा शब्द नाही.

सहदेव तेव्हा म्हातारे झाले होते. ते एवढंच म्हणाले, "शिलू आपला बस्ता मागतोय. ह्या घरात पुन्हा आणू नका."

आणि आज तो आणला होता. आतल्या लादीवर होता. आणि रुचिरा साडेतीनला कामावरून येणार होती.

"उचला," प्रेमावहिनी म्हणाल्या. "मी शेजारी शकुताईंच्या खोलीत ठेवून येते."

चंद्रप्रकाश वाकले. गाठोडं उचलायला गेले.

हललं नाही.

साड्यांचं गाठोडं, पण जणू लादीतच रुतलेलं.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं…

बाहेर काहीच वाजत नव्हतं.

शेजारचा टीव्ही नाही. नळावरची भांडणं नाहीत. छपरावरची कबुतरं नाहीत. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याची ती कायमची कुरकुर… नव्हती.

प्रेमावहिनींनी कपाटाला हात टेकला. काचेच्या बांगड्या कपाटावर आपटल्या.

त्यांचाही आवाज आला नाही.

मग आला एकच आवाज. पायाखालून.

खर्र…

खर्र…

ओल्या लादीवर कोणीतरी दगड फिरवत होतं. सावकाश. गोल गोल. चंद्रप्रकाशच्या तळव्यांना लादी थरथरलेली कळत होती.

आवाज थांबला.

"बस्ता…"

अगदी दबका. छातीवर कोणी बसलेलं असावं तसा.

"बस्ता… बस्ता…"

चंद्रप्रकाशनी कपाटातलं कोरं धोतर काढलं, दोन्ही हातांनी लादीवर ठेवलं. "घे बाबा. हे घे. पोरीला सोड."

धोतर हळूहळू ओलं झालं. खालून.

"बस्ता…"

"नको म्हणतंय ते," प्रेमावहिनी पुटपुटल्या.

दार उघडलं. दारात रुचिरा. खांद्याला लॅपटॉपची बॅग, एक चप्पल काढलेली, एक पायात.

"आत येऊ नकोस," प्रेमावहिनी धावल्या. "जा, शकुमावशीकडे बस जा."

"का? कोण आलंय?"

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं? बोलतोय कोण मग?" रुचिराने मान वाकवून आत पाहिलं. "बाबा, तुम्ही इटालियन कधीपासून ऐकायला लागलात?"

चंद्रप्रकाश तिच्याकडे वळले.

रुचिराची नोकरी मालाड पश्चिमेच्या एका ऑफिसात. तीन वर्षं इटलीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, हेच काम.

"काय म्हणालीस?"

"अहो, बस्ता. दिवसातून वीस वेळा ऐकते मी. माणूस वैतागला की म्हणतो. बस्ता म्हणजे पुरे. थांबा. बस करा."

"पुरे?" चंद्रप्रकाशनी विचारलं.

"हो. का? काय झालंय?"

प्रेमावहिनींनी तिला उंबऱ्याबाहेरच थांबवून चार वाक्यांत सगळं सांगितलं. शिलू, खंडू, आजोबांची साक्ष. शुभाआत्यासुद्धा. सांगायची नव्हती, पण आता लपवून ठेवण्यासारखं काय उरलं होतं?

रुचिराने दुसरी चप्पल काढलीच नाही.

"म्हणजे तो कपडे मागत नव्हता," ती म्हणाली. "मारू नका म्हणत होता. पणजोबांनी मराठी ऐकलं. आणि तो खंडू फासावर गेला."

"खंडूनेच मारलं असेल ना पण," चंद्रप्रकाश म्हणाले. "मरताना माणूस आपल्याच भाषेत ओरडणार."

"बाबा, त्याला मराठी येत होतं ना? समोर खंडू असता तर त्याला कळेल असं बोलला असता. हात जोडताना माणूस समोरच्याला समजेल असंच बोलतो."

"तुझी दाढ काढताना डॉक्टर गुजराती होता. तू 'आई गं' म्हणालीस. 'ओ बा' म्हणालीस का?"

दुसऱ्या वेळी रुचिरा हसली असती.

"जाऊ दे ना ते," प्रेमावहिनी म्हणाल्या. "मारलं कोणी, ते देवाला ठाऊक. पण बस्ता म्हणजे गाठोडं नव्हे, हे तर खरं ना? तेवढं बोला. अठ्ठ्याऐंशी वर्षांत ह्या घरात कोणी ते बोललं नाही."

"काय बोलू?"

"आजोबांनी चुकीचं ऐकलं म्हणा."

चंद्रप्रकाशनी वर पाहिलं. भिंतीवर सहदेवांचा हार घातलेला फोटो. सगळी चाळ ज्यांना इमानदार म्हणायची ते आजोबा. त्यांच्या मांडीवर हे वाढलेले.

खर्र…

दारात उभ्या रुचिराचा हात गळ्याकडे गेला. ती काहीतरी बोलू पाहत होती. ओठ हलले. पुन्हा हलले.

आवाज आला नाही.

चंद्रप्रकाशनी ते पाहिलं, आणि लादीवर गुडघे टेकले.

"माझ्या आजोबांनी चुकीचं ऐकलं," ते म्हणाले. "शिलू मिस्त्री बस्ता मागत नव्हता. खंडू त्या शब्दापायी गेला. चूक आमच्या घराची. ह्या पोरीची नाही."

दगड थांबला.

पंखा कुरकुरला. कबुतरं फडफडली. नळावर कोणीतरी कोणाच्या तरी बादलीचा उद्धार केला. "आई," असं रुचिराच्या तोंडून फुटलं, आणि प्रेमावहिनी तिला मिठीत घेऊन रडायलाच लागल्या.

संपलं, असं वाटलं.

मग अगदी जवळून, चंद्रप्रकाशच्या कानाशी…

"मगे… बस्तो खंय गेलो?"

हा आवाज वेगळा होता. दबका नव्हता. चढ चढून आलेल्या, खांद्यावरचं ओझं उतरवून विचारणाऱ्या माणसाचा होता.

शेडगे साताऱ्याकडचे. त्या घरात मालवणी कोणालाच येत नाही.

मग बस्ता कुठे गेला, हा प्रश्न मायलेकींनीही ऐकला. मग प्रेमावहिनींनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "अहो, खून मार्गशीर्षातला ना? सदतीसचा?"

"हं."

"आणि आजेसासूबाईंचं लग्न?"

"त्याच फाल्गुनात."

"त्या मला सांगायच्या. लग्नात असा रेशमी शालू नेसले होते, की आख्ख्या गावाने तसा पाहिला नव्हता." प्रेमावहिनी थांबल्या. "खडी कालवणाऱ्या माणसाने तो आणला कुठनं होता हो?"

चंद्रप्रकाशनी फोटोकडे पाहिलं नाही. लादीकडेही नाही.

रुचिराचं लग्न कांदिवलीच्या हॉलमध्ये झालं. कपडे सगळे नवे घेतले, ते थेट हॉलवरच पोचवले. पोरीने एक सोडून दोन उखाणे घेतले, खणखणीत. प्रेमावहिनी दर वाक्याला देवाला हात जोडत होत्या. रुचिरा सासरी सुखी आहे, रोज फोन करते.

ते पहिलं गाठोडं चार नंबरमध्येच आहे. राजेश, शकुताईंचा मुलगा आणि दोन हमाल, चौघांनी जोर लावून पाहिला. हललं नाही. प्रेमावहिनी त्याच्याभोवतीनं केर काढतात.

दुपारी सव्वातीनला चाळ गप्प होते. तो प्रश्न येतो. रोज एकदाच. चढा नाही, रागाचा नाही. वाट पाहायला हरकत नसलेल्या माणसाचा.

चंद्रप्रकाशना उत्तर ठाऊक असावं. त्यांचे वडील धोंडिराम जाताना शेवटचे तीन दिवस त्यांच्याशीच कुजबुजत होते. काय, ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नाही.

प्रेमावहिनी रोज समोर बसतात. म्हणतात, "जे असेल ते बोलून टाका. गेलेल्या माणसाची कसली अब्रू?"

ते तोंड उघडतात.

आणि घाईघाईने दोन्ही हातांनी दाबून धरतात. गेल्या महिन्यापासून त्यांनी चहासुद्धा बोटाने खुणावून मागायला सुरुवात केली आहे. डॉक्टर म्हणतात, गळ्यात काही दोष नाही.

गळ्याचं भय त्यांना नाहीच. तोंड उघडलं तर कोणता शब्द बाहेर पडेल, याची त्यांना आता खात्री राहिलेली नाही.