शून्य वॅट

घडलं ते जसंच्या तसं सांगतो. श्रीनिवास माझा साडू. तो थाप मारायला लागला की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना ते पांढरेफटक होते.

ऑगस्ट २०२१. सिडनीतलं क्वेकर्स हिल. कडक लॉकडाऊन. मंगळवार, भर दुपारचे तीन.

ऑफिसने झुंजच लावली होती म्हणा ना. दोन इंजिनियर, दोन सर्व्हर, आपापल्या गॅरेजमध्ये. आठवडाभर कंपनीच्या वेबसाइटचं निम्मं निम्मं काम सांभाळायचं. कमी विजेत जो टिकेल, टीम लीडची खुर्ची त्याची.

श्रीनिवासच्या सर्व्हरचं धूड चारशे वॅट खायचं. पंखे असे घोंघावायचे की शेजारचा क्लाइव्ह कुंपणावरून ओरडायचा, "मेट, विमान उडवतोयस का?"

समोरच्या घरातल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याने, कुमारने मात्र मोबाइलमध्ये असतात तसल्या चिमुकल्या प्रोसेसरचे चोवीस बोर्ड शेल्फवर मांडले होते. पंखा नाही. आवाज नाही. सगळे मिळून साठ वॅट!

श्रीनिवासच्या पोटात दुखायला लागलं.

सहाव्या दिवशी कुमारला ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. कोविड.

त्याची बायको पद्मा क्वारंटाइनमुळे घरातच अडकलेली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, तिने खिडकीतून हाक मारली, "श्रीनिवास, जरा गॅरेजमध्ये बघून ये ना रे. आयसीयूतूनही विचारतोय, चालू आहे ना?"

"नो वरीज," हा म्हणाला.

गॅरेजचं रोलर डोअर वर गेलं. हिरवे दिवे लुकलुकत होते. बाकी... चिडीचूप.

प्लगजवळच्या वीज मोजायच्या मीटरवर साठ.

श्रीनिवासने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

त्याने प्लग उपसला.

मीटर शून्यावर आला. दिवे मात्र...

लुकलुकतच राहिले.

बॅटरी असेल? त्याने सगळं शेल्फ चाचपलं. नव्हती. वायर तर त्याच्याच हातात लोंबत होती.

त्याने मोबाइलवर रिपोर्ट उघडला. कुमारचे बोर्ड काम करत होते. निम्मं नव्हे... सगळं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. रस्त्यापलीकडची घरघर थांबली होती.

तो पळतच घरी आला. पंखे निपचित. मशीन थंडगार. आणि त्याच्या मीटरवर...

चारशे साठ.

दारात त्याची बायको सुनीती फोन धरून उभी होती. "अरे, पद्माला हॉस्पिटलमधून फोन आला. कुमार गेला. अडीच वाजता."

अडीच. आणि प्लग काढला तीननंतर.

निकाल कुमारच्या बाजूने लागला. खुर्ची श्रीनिवासला मिळाली. माणूसच उरला नव्हता दुसरा.

पद्माने आठवण म्हणून एक बोर्ड दिला. श्रीनिवासच्या टेबलावर असतो. वायर नाही, काही नाही. हिरवा दिवा मी स्वतः पाहिलाय. त्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकलेलं नाही.

"भीती वगैरे नाही रे वाटत," श्रीनिवास तेव्हा म्हणाला होता. कान लालभडक.

मग बोर्डकडे बघत पुटपुटला, "पण शून्य वॅटवर चालवतो कसा हा?"

कान पुन्हा पांढरे.