दांड्यावरच्या बांगड्या

पवन, हसायचं असेल तर घरी जा. प्रफुल रोज माझ्यासोबत चहा पिणारा माणूस, त्याला खोटं रचता येत नाही.

नागभीडच्या बाहेर, धानाच्या बांध्या संपतात तिथे प्लास्टिकचं युनिट आहे. खताच्या रिकाम्या पिशव्या, फुटक्या बादल्या दळायच्या, वितळवायच्या आणि दाणा करायचा. दळायचं मशीन प्रफुल चालवायचा, माल टाकायची त्याची बायको चंदा. पात्यांना पिशवी गुंडाळली की मशीन बंद करून ती आत हात घालायची. त्याआधी बांगड्या काढून भिंतीवरच्या मेन स्विचच्या दांड्याला अडकवायची. दांड्यावर बांगड्या, म्हणजे चंदाचा हात आत. नवराबायकोचा कायदाच होता तो.

यंदा उन्हाळ्यात भावाच्या लग्नात तिनं हिरव्या बांगड्या भरल्या. कामावर येऊन काढायला लागली, तर प्रफुल लाडात आला.

"राहू दे नं वो. चांगली दिसून राह्यली."

"अन् हात घालावा लागला तं?"

"मी आहो नं इथी."

दुपारी तो पाणी प्यायला बाहेर गेला. परत आला, सवयीनं दांड्याकडे पाहिलं. रिकामा होता. मशीनच्या आड वाकलेली चंदा त्याला दिसलीच नाही. त्यानं दांडा वर केला...

चंद्रपूरला पोचायच्या आत ती गेली. बांगड्यांचा मशीनमध्येच चुरा झाला होता. त्या दिवसापासून प्रफुल माणसांतून उठला. घास घ्यायला हात उचलायचा आणि हाताकडेच पाहत बसायचा.

पुढे युनिटच्या शेठनं मशीन विकायला काढलं. पोळ्याच्या आदल्या रात्री निरोप आला, सकाळी गाडी येते, साफ करून ठेव. प्रफुल एकटाच गेला. आतून कडी लावली. मशीन जरा फिरवलं, तर एक पिशवी पात्यांत अडकली. तेवढ्यात लाईन गेली. मोबाईलच्या उजेडात त्यानं आत हात घातला. दांडा वरच राहिला होता. ध्यानात आलं नाही.

पिशवी निघेना.

त्यानं कोपरापर्यंत हात घातला...

बल्ब लागला.

लाईन आली होती.

हात आत.

मशीन... गप्प.

त्यानं हळूच हात बाहेर काढला. मान वळवली. दांडा खाली होता. दाराची कडी तशीच. आणि दांड्यावर हिरव्या बांगड्या. हलत होत्या...

"चंदा?"

...

"मले काऊन वाचवलं वो? तुले तं मीच..."

त्या दांड्याखाली बसून तो रात्रभर लेकरासारखा रडला.

सकाळी गाडीवाला आला. मशीन उचलायला माणसं पुढे झाली, तसा प्रफुल आडवा उभा राहिला.

"हात नोका लावू. चंदाचा हात आत हाये."

गाडी रिकामी परत गेली. शेठनंही मग विषय काढला नाही. मशीन तिथंच आहे. बांगड्याही दांड्यावर आहेत, हिरव्यागार, एकीलाही तडा नाही.