ठाणेदाराचं स्थळ

चंद्रपूरच्या गोल बाजारात सोनीबाईच्या पाटीत शेवग्याच्या पाल्याची शेवटची जुडी उरली होती, आणि तिच्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक नंदिनी दुर्गेचा. दुसरा उन्हानं रापलेला, खाकी बाही कोपरापर्यंत दुमडलेला.

"मी आधी धरली," नंदिनी म्हणाली.

"धरली तर दोघांनीबी." तो हसला. "पन मले लय गरज आहे जी. घरी एक जण उपाशी बसला आहे."

"माझ्याकडेही बसली आहे."

"माह्यावाला दुसरं काई तोंडातच घेत नाई."

"लेकरू आहे का?"

तो जरा घुटमळला. मान खाजवली. "नाई... सरडा आहे."

नंदिनीनं जुडी सोडली नाही, पण पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. सावळा, उंच, डोळ्यांत थट्टा.

"दाढीवाला?"

"हाव. तुमाले कसं माहीत?"

"दाढी फुगवतो का?"

"माह्यावर रोजच फुगवते. थोबाड असं, जसा काई ठाणेदार. नावच ठेवलं ठाणेदार."

सोनीबाईनं जुडी दोघांच्या हातातून ओढली, सुतळी तोडली आणि बरोबर मधोमध वाटणी केली. "मानसायले भाजी मिळत नाई अन् तुमचे सरडे पाला खाते. घ्या अन् व्हा बाजूले. बोलाचं तर तिकडं बोला."

मग ते तिकडं जाऊन बोलले. रसवंतीवर, उसाच्या रसाचा पहिला ग्लास संपून दुसरा मागवेपर्यंत.

त्याचं नाव पवन सिडाम. मोहर्लीचा, ताडोबात येणाऱ्या पर्यटकांना जिप्सीतून जंगल दाखवणारा गाइड. मागच्या वर्षी एक पाहुणा काचेच्या पेटीसकट हा परदेशी सरडा त्याच्याकडे 'दोन दिवस सांभाळ' म्हणून ठेवून गेला, तो पुन्हा फोन उचलेना. जंगलात सोडून दे, असं चार जणांनी सांगितलं. पवननं सोडला नाही. इथल्या मातीचा नाही तो, इथी मरेल, नाही तर दुसऱ्या कुणाला मारेल, म्हणाला. रीतसर स्वतःच्या नावानं त्याची नोंद करून घेतली.

नंदिनीला हे ऐकून बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "किडे काय देता?"

"बांधावरचे नाकतोडे. ताजे."

"फवारणीच्या शेतातले?"

पवननं हातातल्या जुडीकडे पाहिलं.

"कापसावर मारलेलं औषध नाकतोड्याच्या पोटातून सरड्याच्या पोटात जाते. म्हणून खात नसेल तो."

"तुमी डॉक्टर आहा का?"

"नाई. मी किडेवाली आहे," नंदिनी म्हणाली, आणि ते म्हणताना तिची मान ताठ झाली.

ती होतीच किडेवाली. दिवसा रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, आणि घराच्या गच्चीवर शेडनेटखाली टबांमध्ये रातकिडे. गाजर, लाल भोपळा, कोंडा खाऊन वाढलेले स्वच्छ रातकिडे. चंद्रपूर-गडचिरोलीत असे सरडे पाळणारी जी काही मंडळी होती, त्यांचा एक ग्रुप होता, आणि त्या सगळ्यांचे सरडे नंदिनीच्या गच्चीवरचं खात. आधी गल्लीतल्या बायका नाक मुरडायच्या. आता 'दुर्गेबाईचं घर कुठी?' विचारलं तर 'किडेवाल्या पोरीचं नं?' म्हणून पोरंही बोट दाखवायची. तिची आई शकुबाई, निवृत्त नर्स, तेच पाहुण्यांना कौतुकानं सांगायची.

"तुमच्या घरी कोण आहे मंग? पाला खाणारी?" पवननं विचारलं.

"केतकी. तीन वर्षांची." नंदिनीनं फोनमधला फोटो दाखवला. फिक्या पिवळ्या रंगाची, डोळे मिटून उन्हात बसलेली. पवननंही ठाणेदाराचा फोटो काढला. समोरून घेतलेला, गळ्याखालची काळी दाढी फुगलेली.

दोघांनी एकमेकांचे फोन हातात धरले.

"स्थळ बरं दिसते," पवन हळूच म्हणाला.

"मुलगा रागीट वाटतो."

"मनानं लय चांगला आहे. घरचं वळण आहे नं त्याले."

नंदिनीला हसू आवरेना. रसाचा फेस तिच्या ओठावर राहिला होता. पवननं सांगितलं नाही... नुसता बघत राहिला.

*

त्यानंतर तो येत राहिला. किडे न्यायचे हे निमित्त. कधी एकटा, कधी खिशात मोहाची फुलं घेऊन. मोहर्लीच्या रस्त्याला पळस पेटला होता, तो दर खेपेला एक फांदी गाडीला बांधून आणायचा आणि शकुबाईच्या हातात द्यायचा. "तुमच्यासाठी, बाई." शकुबाई फांदी घ्यायची आणि लेकीकडे बघायची.

ठाणेदार आता रातकिडे खाऊ लागला होता. आणि नंदिनीच्या मनात बऱ्याच दिवसांची एक हौस होती, केतकीची अंडी स्वतःच्या हातानं उबवायची. थंडीतली झोप संपली होती, केतकी अंगानं भरली होती, वय झालं होतं. ग्रुपमध्ये बातमी कशी पसरली कोण जाणे. वरोऱ्याच्या मिथुनचा पवनला फोनही आला. मिथुन या भागातला सगळ्यात मोठा सरडेवाला, त्याच्याकडे खोलीभर पेट्या. पिल्लं झाली की सगळी माझी, म्हणाला. पवननं होय म्हटलं.

ठरल्या दिवशी पवन ठाणेदाराला टोपलीत घालून घेऊन आला. शर्ट इस्त्रीचा होता.

"मुलगा आणला जी पाहाले," तो जिन्यातूनच म्हणाला.

"मुलानं आंघोळ केली का?"

"मुलानं अन् मुलाच्या बापानंबी."

हसत हसतच नंदिनीनं ठाणेदाराला उचललं. सवयीनं त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं... आणि तिचं बोट थांबलं. पुन्हा फिरवलं, शेपटीकडून मानेकडे. कुठेही अडखळलं नाही. या सरड्यांच्या पाठीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. ठाणेदाराची पाठ चामड्यासारखी गुळगुळीत होती. फोटोत ती कधी दिसलीच नव्हती.

केतकीची पाठही तशीच होती.

"काय झालं?" पवननं विचारलं.

नंदिनी खाली बसली. "नाई जमणार."

"काऊन? पसंत नाई पडला?"

"थट्टा नाई, पवन. हे दोघंही गुळगुळीत. अशा दोघांची पिल्लं झाली की चारातलं एखादं बिनखवल्याचं निघते. अंगावर एकही खवला नाई, नुसती कातडी. सिल्की म्हणतात. दिसते रेशमासारखं. पण ऊन लागलं की भाजते, रातकिडा चावला की फाटते. कात निघता निघत नाई, बोटं आवळून झडून जाते."

पवन टोपलीशी उकिडवा बसला.

"चारातलं एकच नं. बाकीचे तीन तं चांगले."

"अन् त्या एकाले काय सांगू? बाकीचे तीन चांगले आहेत म्हणून?"

त्यानं मान खाली घातली. "मी मिथुनभाऊले शब्द दिला आहे."

"मला न विचारता?"

"मले वाटलं... तुमी खूश व्हाल."

तिला वाईट वाटलं. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाचंही वाईट वाटलं. पण ती उठली आणि टोपलीचं झाकण स्वतः लावलं. "केतकी माझ्या जबाबदारीवर आहे. माझ्या हौसेसाठी मी दुखणं जन्माला घालणार नाई."

पवन ठाणेदाराला घेऊन गेला. जिन्यात वळून पाहिलं नाही. त्या आठवड्यात तो किडे न्यायला आला नाही, त्यानं कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला. नंदिनीनं किड्यांचा डबा भरला, वर भोपळ्याची जास्तीची फोड ठेवली आणि झाकण लावून जरा वेळ तशीच उभी राहिली.

*

रविवारी ग्रुपची बैठक होती, एका शाळेच्या सभागृहात. नंदिनी पोचली तेव्हा मिथुनच्या गाडीतून पवन उतरताना दिसला. तिनं दुसरीकडे बघितलं.

मिथुननं काचेची पेटी टेबलावर ठेवली. आत एक सिल्की पिल्लू होतं, ओल्या फुलाच्या पाकळीसारखं गुलाबी. कॉलेजची पोरं मोबाइल घेऊन धावली. "असे अजून येणार आहेत," मिथुन म्हणाला. "चंद्रपुरात जन्मलेले. आपल्या नंदिनीबाईची मादी अन् पवनभाऊचा नर."

टाळ्या वाजल्या. नंदिनी उठली.

"माझी केतकी या जोडीसाठी मी देणार नाई," ती म्हणाली. तिनं आवाज वर नेला. "मिथुनभाऊ, याला जरा बाहेर काढू?"

मिथुननं हसून हात पसरला. तिनं पिल्लाला दोन्ही तळव्यांत घेतलं आणि पहिल्या रांगेतल्या रीनापुढे नेलं. रीना कॉलेजात शिकत होती, असंच एखादं घ्यायचं म्हणून आली होती.

"रंग पाहिला नं? आता पाय पाहा."

रीनानं पाहिलं. एका पायाला बोटं नव्हती. पाठीवर किडा चावल्याचा व्रण होता, कडेनं काळा पडत चाललेला. पिल्लानं डोळे मिटून घेतले होते. रीनानं हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

नंदिनी पिल्लाला घेऊन रांगारांगांतून फिरली. मोबाइल एकेक करून खाली आले.

"दोन-चार असे निघतेच," मिथुन म्हणाला. "लोकायले आवडते म्हणून करतो. अन् शब्द झाला आहे. का हो पवनभाऊ?"

सगळ्यांच्या माना वळल्या. पवन मागच्या भिंतीपाशी उभा होता. तो पुढे आला.

"सकाळी मिथुनभाऊच्या घरी गेलो होतो," तो म्हणाला. "असे पिल्लं कसे जगते ते मले आपल्या डोळ्यानं पाहाचं होतं. पाहिलं. शब्द मी दिला होता, मीच वापस घेतो. ठाणेदार देणार नाई."

"जंगलातल्या माणसाचा शब्द पक्का राहते म्हणतात," मिथुन म्हणाला.

"पक्का राहते, म्हणूनच चारचौघात वापस घेऊन राह्यलो. मागच्या दारानं पलटलो नाई. चुकलो तं चुकलो म्हणतो."

नंदिनी त्या माणसाकडे बघत राहिली. खाकी शर्ट, घामेजलेलं कपाळ, ताठ पाठ. तिला वाटलं, आत्ता इथं कुणी विचारावं, हा कोण तुझा. म्हणजे सांगता येईल.

मिथुन चिडून निघाला. त्याच्यामागून बरीच पोरंही गेली, ग्रुपचे त्या दिवशी दोन तुकडे झाले. दारात नंदिनीनं मिथुनला अडवलं. "हे पिल्लू माझ्याकडे राहू द्या."

"घे. नोंदीचे कागद पाठवून देतो. तसंही हा उन्हाळा काढत नाई ते."

जे उरले त्यांनी ठरवलं, गुळगुळीत पाठीची जोडी कुणी लावायची नाही, आणि वय भरल्याशिवाय मादीची अंडी घ्यायची नाहीत. रीना शेवटपर्यंत थांबली होती.

*

चंद्रपूरचा उन्हाळा माणसाला सोडत नाही, तिथं बिनखवल्याच्या जिवाचं काय. नंदिनीनं पिल्लाला खालच्या खोलीत, कूलरच्या ओलसर वाऱ्यापासून बेताच्या अंतरावर ठेवलं. किडे चिमट्यानं, एकेक करून. पवन जिप्सीच्या सकाळच्या फेऱ्या आटोपून भर दुपारी यायचा, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. मे महिना सरत आला आणि पिल्लू जगलं होतं. वाढलं नव्हतं फार, पण पाला दिसला की पळत यायचं.

त्या रविवारी दुपारी त्याच्या शेपटीची कात अडकली होती. कोमट पाण्यात भिजवून, बोटाला तेल लावून ती अलगद सोडवायची होती. पवननं पिल्लाला ओंजळीत धरलं आणि नंदिनी त्या ओंजळीवर वाकली. तिचे केस त्याच्या मनगटाला लागत होते.

"हात हलवू नका," ती पुटपुटली.

"नाई हलत." मग थोड्या वेळानं, "बोललं तं चालते का?"

"हळू बोला."

"मी बैठकीत जे केलं... ते फक्त पिल्लाकडं पाहून नाई केलं. तुमी एकट्या उभ्या होत्या. मले वाटलं, या बाईच्या बाजूनं उभं राहाले भेटलं तं जलमभर मान वर करून चालीन."

नंदिनीचं बोट शेपटीवर थांबलं.

"मले तुमी लय आवडता," पवन म्हणाला. "हात बांधलेले आहे म्हणून आजच सांगून राह्यलो. नाई म्हणलं तरी पळून जाता येत नाई."

कूलर घरघरत होता. नंदिनीनं कातीचा शेवटचा तुकडा सोडवला, पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. पिल्लू सुटलं, त्याच्या तळव्यावर पसरून बसलं. तिनं हात मागे घेतला नाही.

"मी त्या दिवशी सगळ्यांसमोर एक गोष्ट मनातल्या मनात बोलले होते," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नाही."

"कोणती?"

"हा माझा माणूस आहे, अशी." तिनं वर पाहिलं. "पवन, तुझे हात थरथरत आहेत. पडेल ते."

'तुझे' ऐकून ते आणखीच थरथरले. मग तिनं आपली ओंजळ त्याच्या ओंजळीखाली धरली.

दारात शकुबाई ताकाचे दोन ग्लास घेऊन उभी होती. कधीची, कोण जाणे. पवन गडबडीनं उठायला लागला, "बाई, मी... मले तुमच्यासंगं जरा बोलाचं..."

"तू बस," नंदिनी म्हणाली. ती उठली, तेलकट हात ओढणीला पुसले आणि मान ताठ करून आईसमोर उभी राहिली.

"आई, मी बोलते."