अथर्वचा फोन कनेक्ट झाला

हे खरं आहे. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी मिनल. कॉम्प्युटर सपोर्टचं काम करते. लोकांचे फोन कॉम्प्युटरला जोडून देण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे ब्लूटूथ कसं चालतं हे मला शिकवायला येऊ नका.

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. संध्याकाळचे साडेपाच. मीरा रोडचं आमचं घर, चौथा मजला. घरात मी आणि आई, दोघीच.

माझा धाकटा भाऊ अथर्व मे महिन्यात घोडबंदरच्या खाडीत बुडाला. त्याचा देह सापडला. खिशातला फोन नाही सापडला. शेवटचे फोटो त्यातच राहिले.

आईचा तेव्हापासून एकच धोशा. "मिनू, ते फोटो तेवढे काढून दे गं." धड जेवतही नव्हती.

मी त्याच्याच कॉम्प्युटरवर बसले होते. टुंग वाजलं…

'अथर्वचा फोन कनेक्ट झाला.'

मी ते दोनदा वाचलं.

ब्लूटूथ फार तर आठ-दहा मीटर पोचतं. म्हणजे फोन इथेच कुठेतरी होता.

कपाटं उपसली. गाद्या उलटल्या. शेजारच्या हंसाबेनकडे धावले. "आंटी, अथर्व का फोन आपके यहाँ है क्या?"

त्यांनी मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

परत आले तर स्क्रीनवर…

'तीन फोटो येत आहेत. स्वीकारायचे?'

जाम भीती वाटत होती. पण आईसाठी 'हो' दाबलं.

पहिला फोटो खाडीचा. दुसरा नुसता काळा.

तिसरा…

आमचं स्वयंपाकघर. आई. आत्ता अंगात होता तोच निळा गाऊन. घावण्यांची ताटली तिने कॅमेऱ्यापुढे धरली होती. आणि ती हसत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मी आत धावले.

आई ओट्याशी उभी. ताटली रिकामी.

"आई, कोण होतं गं इथे?"

"हळू बोल," तिने तव्यावर पीठ ओतलं. "जेवतोय तो."

त्यानंतर रोज साडेपाचला फोन जोडला जायचा. आई जेवायला लागली, गुणगुणायला लागली. मी गप्प बसले. चुकलंच माझं.

परवा मात्र राहवलं नाही. कॉम्प्युटरमधून तो फोन कायमचा काढून टाकला.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. ती आतूनच म्हणाली…

"आता मलाच जावं लागणार त्याच्याकडे."

मी रजा टाकलीये. दाराला आतून कुलूप आहे. किल्ली माझ्या गळ्यात आहे.